बत्तीस किलोबाइटची नदी

खारशीकरांनी शर्टाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक रुमालाला पुसलं आणि मला विचारलं, "उघडू ना?"

"उघडा की," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं बसली होती आणि नुकतीच माझ्या नावानं टाळ्या वाजवून थांबली होती. समोरच्या टेबलावर माझा संगणक होता. आमच्या सोलापूरच्या शाळेला १९८६ साली सरकारी योजनेतून मिळालेला, आठ बिटचा, बत्तीस किलोबाइट मेमरीचा. तुमच्या फोनवरचा एक फोटोदेखील त्याच्या पोटात मावणार नाही, फोटोचा कोपरासुद्धा नाही. शाळेनं तो अडगळीतून बाहेर काढला तेव्हा मी मागून घेतला होता, आणि त्याच्यावर मी ‘पैलतीर’ चालवून दाखवला होता.

‘पैलतीर’ हा त्या वर्षी फोनवर लाखो लोक खेळत असलेला खेळ. पूर आलेली नदी, एक नावाडी, आणि अलीकडची माणसं पलीकडे न्यायची. वाटेत ओंडके, भोवरे, वाहून आलेली छपरं. पुण्याच्या ज्या कंपनीनं तो केला तिथं मी सहा वर्षं होते आणि त्यातलं पाणी माझं होतं. लोक खेळ सोडून नुसतं पाणी बघत बसतात, असं आमचा मालक सांगायचा. पुढे मी नोकरी सोडून सोलापूरला परतले आणि घरूनच कामं घ्यायला लागले, पण त्या पाण्याची घमेंड मात्र सोबत घेऊन आले.

पुण्यात तेव्हा दर जानेवारीत जुन्या संगणकांच्या वेड्यांचा एक मेळावा भरायचा. त्यात एक स्पर्धा असे. आजचा खेळ घ्यायचा आणि १९९० च्या आधीच्या यंत्रावर असा बसवायचा की तो त्या यंत्रानं स्वतः चालवला पाहिजे. पोटात नवं काही नको. खेळ दाखवून झाला की चहा व्हायचा आणि चहानंतर खारशीकर झाकण उघडायचे. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला हा सत्तरीचा माणूस मेळाव्याचा परीक्षक होता. प्रत्येक यंत्राचं झाकण तो स्वतःच्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडे, आत टॉर्च मारून बघे आणि "ठीक" एवढंच म्हणे. त्या "ठीक"साठी लोक वर्षभर डोकी फोडत.

चार स्क्रू निघाले. झाकण वर आलं. खारशीकरांनी टॉर्च मारला आणि तो तसाच धरून ठेवला.

"हे काय आहे, म्याकलबाई?"

आत एका बाजूला, नखाएवढ्या चिपचं हिरवं कार्ड चिकटवलेलं होतं.

"मेमरी कार्ड आहे," मी म्हणाले. "फ्लॉपी ड्राइव्ह मेलाय. खेळ आत भरायला काहीतरी हवं ना."

"नियम काय आहे?"

"पोटात नवं काही नको."

"मग?"

खारशीकरांनी झाकण परत लावलं, चारही स्क्रू घट्ट केले, माईक हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं, "या खेळाचा निकाल आम्ही देत नाही. यंत्राच्या पोटात नवं यंत्र लपवलेलं आढळलं." बाकी काही बोलले असते तरी चाललं असतं, पण ‘लपवलेलं’ हा शब्द माझ्याबरोबर सोलापूरपर्यंत आला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील.

*

कार्डाचा उपयोग फक्त खेळ आत भरण्यापुरता होता, असं मी तिथं सांगितलं, घरी सांगितलं आणि ज्यांचे ज्यांचे फोन आले त्यांनाही सांगितलं. काहींनी मानलं, काहींनी "असेल बाई" म्हटलं. इंटरनेटवरच्या मंडळींनी मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. माझा झाकण उघडल्यानंतरचा फोटो फिरला आणि त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी दोन दिवस वाचलं आणि मग वाचणं बंद केलं.

आमच्या नानांनी ते वाचलं नव्हतं, पण पूर्वभागातल्या, म्हणजे आमच्या विणकर वस्तीतल्या, चहाच्या टपरीवर बातमी पोचायला इंटरनेट लागत नाही. नाना म्हणजे माझे वडील. नाव अंबादास, धंदा ग्राफचा. सोलापुरी चादरीवर जो मोर, जी वेल, जो हत्ती दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावा लागतो. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि ती कार्डं मागाला सांगतात, कुठला धागा वर घे आणि कुठला खाली ठेव. नानांनी चाळीस वर्षं हेच केलं. त्यांच्या ग्राफवरून विणलेल्या चादरी पांघरून अर्धा महाराष्ट्र झोपला असेल, पण त्यांना कोणी ओळखत नाही. त्याचं त्यांना काही वाटत नाही. माझ्याबद्दल मात्र त्यांना फार वाटायचं.

"कोण म्हणतो पोरगीनं चोरी केली?" ते टपरीवर उभे राहून विचारायचे. आम्ही घरात तेलुगू बोलतो, बाहेर सोलापुरी मराठी. इथे लिहिताना मी सगळंच मराठीत लिहिते आहे. "माझी अनु दुसऱ्याचे दोन धागे घेणार नाही. आत भरायला कार्ड लावलं, त्याचं एवढं काय?" ज्यानं वाद घातला त्याच्याशी ते बोलायचे बंद झाले. अशी वर्षभरात चार माणसं झाली.

मी त्यांना एकदा म्हणाले, "नाना, सोडा ना. कशाला भांडताय?"

"का सोडू? तू खोटी हायेस का?"

"नाही."

"मग बस की गप."

मी गप्प बसले आणि त्याच आठवड्यात यंत्र परत टेबलावर काढलं. पुढच्या जानेवारीत तोच खेळ, तेच यंत्र, त्याच माणसापुढे. एवढंच मला हवं होतं. ते झालं नसतं तर मी आयुष्यभर कार्डवालीच राहिले असते, आणि टपरीवर नानासुद्धा कार्डवालीचे वडील.

*

आता अडचण काय होती ते सांगते. बत्तीस किलोबाइटपैकी वीस एकट्या पडद्याला लागत. तीनेक यंत्र स्वतःच्या संसारासाठी ठेवून घेई. उरले नऊ. त्या नवात नाव, नावाडी, ओंडके, भोवरे, गुण, आवाज आणि खेळाचे सगळे नियम बसवायचे. ते मी बसवले. दात कोरून पोट भरावं तसं एकेक बाइट वाचवून बसवले. पण पाणी बसेना.

पाणी सगळा पडदा भरून वाहायला हवं. त्यासाठी वीस किलोबाइटचा पडदा सेकंदाला दहा-बारा वेळा नव्याने रंगवायला हवा आणि ते यंत्र तेवढ्या वेळात एकदाही रंगवू शकत नव्हतं. मी अर्ध्या पडद्यावर पाणी करून पाहिलं, पाव पडद्यावर पाहिलं. शेवटी पाण्याच्या जागी चार पांढऱ्या रेघा हलत्या ठेवल्या. त्या इतक्या दीनवाण्या दिसायच्या की मीच यंत्र बंद करून उठायचे. नदी वाहात नसेल तर ‘पैलतीर’ कसला? होडीत बसलेला माणूस डबक्यात काय बुडणार?

ऑक्टोबर संपत आला होता. एका दुपारी मी टेबलाशी डोकं धरून बसले होते आणि नाना शेजारी त्यांच्या ग्राफवर हत्तीची सोंड रंगवत होते.

"काय करायलीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही. पाणी हलत नाहीये."

"का?"

"एवढं मोठं चित्र पुन्हापुन्हा काढायला यंत्राकडे वेळ नाही. जागा पण नाही."

नानांनी पेन्सिल ठेवली. "पुन्हापुन्हा कशाला काढायलीस?"

"हललेलं दिसायला नको का?"

ते उठले, आत गेले आणि पलंगावरची चादर घेऊन आले. लाल जमिनीवर पांढरे मोर होते. त्यांनी ती माझ्या टेबलावर, यंत्राच्या वर, पसरली.

"मोर कसला हाय?"

"पांढरा."

त्यांनी चादर उलटी केली. "आता?"

"लाल. पांढऱ्यावर."

"मी दोन ग्राफ काढले का?"

"नाही."

"दोन मोर विणले का?"

मी चादरीची कड पुन्हा उलटून पाहिली.

"धागा तिथल्या तिथंच हाय बघ. कुठला रंग वर यायचा तेवढं ठरवायचं. तुझ्या डब्यात रंग बदलता येतात का?"

खरं सांगते, लाजेनं माझे कान तापले. त्या यंत्रात चित्राला रंग थेट दिलेले नसतात, नंबर दिलेले असतात. एक नंबर म्हणजे कुठला रंग हे वेगळं ठरवायचं असतं आणि ते क्षणात बदलता येतं. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण फोनवर सहा वर्षं थेंबन्‌थेंब मोजून पाणी केलेल्या माणसाला, पाणी न हलवता वाहतं करता येईल, हे सुचत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"येतात," मी म्हणाले. "नाना, येतात."

"मग चादर उचल आता. थंडी पडायलीय."

*

पुढचा महिनाभर आम्ही दोघांनी नदी विणली.

नानांनी सोळा घरं रुंद आणि चोवीस घरं उंच असा पाण्याचा एक तुकडा काढायला घेतला. प्रत्येक घरात एक ते चार यांपैकी एक नंबर. एकाशेजारी दोन, दोनाशेजारी तीन, तीनाशेजारी चार, आणि चारनंतर परत एक. हाच तुकडा शेजारी शेजारी लावत गेलं की पडदा भरणार, आणि नंबरांचे रंग निळा, निळा, आकाशी, पांढरा असे गोल फिरवले की पाणी वाहणार. एकशे ब्याण्णव बाइटमध्ये नदी. सांगायला सोपं आहे. पण तुकड्याची उजवी कड डाव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला अशी जुळली पाहिजे की जोड कुठे आहे हे कोणाला कळू नये. त्यासाठी चाळीस वर्षं चादरी काढलेला माणूसच लागतो.

मी संगणकावर पाच मिनिटांत एक तुकडा करून दाखवला. नानांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.

"ही नदी न्हाई. फरशी हाय."

त्यांचं बरोबर होतं. जोड ठसठशीत दिसत होते. त्यांनी तो खोडला, स्वतःचा काढला, तोही खोडला. दिवसाला एक कागद असा त्यांचा हिशोब होता. एकदा नवव्या ओळीत एका घरात दोनाऐवजी तीन पडला होता. मी म्हणाले, "राहू द्या, एवढ्याशानं काय होतंय? कोणाला दिसणार?"

"एका कार्डात भोक चुकलं ना," नाना म्हणाले, "तर काही जण त्यावर कागद चिकटवून माग चालवतात. मग त्या चुकीची चादर विणून निघते, दर हातभर अंतरावर तीच चूक. चुकलेलं कार्ड फाडायचं असतं, अनु."

त्यांनी कागद फाडला. मी यंत्राकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात काय होतं ते पुढे येईल.

नोव्हेंबरच्या अखेरीस नानांचा बाविसावा कागद मी यंत्रात भरला. पडद्यावर नदी आली आणि वाहायला लागली. एक बाइटही हलत नव्हता आणि काठापासून काठापर्यंत सगळं पाणी वाहत होतं, वळणावर रुंद होत होतं, खडकाशी फेस धरत होतं. मी सहा वर्षं कंपनीत केलेलं पाणी यापेक्षा खरं असेल, पण याच्याइतकं देखणं नव्हतं. हे मी माझ्या तोंडानं सांगते आहे, म्हणजे बघा.

"उलटी वाहायलीय," नाना म्हणाले.

खरंच, पाणी उताराकडून चढाकडे निघालं होतं. आमच्या सीना नदीनं असं केलं असतं तर गावानं होम घातला असता. मी रंग फिरवायचा क्रम उलटा केला, एका ओळीचं काम, आणि नदी सरळ झाली. नानांनी पडद्याच्या चारही कडा निरखून पाहिल्या आणि मग ते जेवायला उठले.

*

जानेवारीत नाना माझ्याबरोबर पुण्याला आले. कोसा रेशमाच्या रंगाचा सदरा, इस्त्रीचं धोतर आणि मांडीवर टेपरेकॉर्डर. फ्लॉपी ड्राइव्ह मेलेलाच होता आणि कार्डाचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून मी खेळ साध्या ऑडिओ कॅसेटवर भरला होता. त्या काळी या यंत्रांना असंच भरवत. टेप चालू करायची, कर्कश आवाज यंत्र ऐकतं आणि एकेक तुकडा पोटात घेतं.

हॉल तोच, खुर्च्या त्याच. माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी खोकलं आणि त्याच्या शेजारचे हसले. मी टेबलाशी गेले आणि खारशीकरांना म्हणाले, "सर, स्क्रू-ड्रायव्हर द्या."

"चहा व्हायचाय अजून."

"मला आधी हवाय."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दिला. मी चारही स्क्रू काढले, झाकण उचललं आणि ते नेऊन खारशीकरांच्याच खुर्चीवर ठेवलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले. "टॉर्च मारा आणि मग सुरू करते. खेळ संपेपर्यंत उघडंच राहील."

त्यांनी टॉर्च मारला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाकून, चष्मा बदलून. पाच मिनिटं गेली असतील. "ठीक," ते म्हणाले आणि खुर्चीवर झाकण असल्यामुळे उभेच राहिले.

नानांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. स्पीकरमधून ती किंचाळी निघाली आणि पडद्यावर आकडे येऊ लागले. एक, दोन, तीन. हॉलमधली म्हातारी मंडळी सावरून बसली. कित्येकांनी हा आवाज पंचवीस-तीस वर्षांत ऐकला नव्हता. दहा, अकरा, बारा. सतराव्या तुकड्यावर यंत्र अडलं. पडद्यावर ओळ आली की टेप मागे घ्या.

मागे घेतली. परत लावली. परत सतराव्यावर अडलं.

"आत काहीच नसलं की असं होतं," मागून कोणीतरी म्हणालं आणि आता हॉल उघडउघड हसला. दुसरी कॅसेट मी आणली नव्हती. एवढं वर्ष डोकं फोडून दुसरी कॅसेट न आणणारी मी एकटीच असेन.

नानांनी कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरली आणि करंगळीनं तिचं चाक अर्धा फेरा मागे फिरवलं. "ढिली पडलीया," ते म्हणाले. "धागा ढिला पडला की मागबी असाच अडतो." मग त्यांनी आवाजाचं बटण एका केसानं कमी केलं आणि टेप पुन्हा चालू केली.

चौदा. पंधरा. सोळा. मी सतरा बघितलाच नाही, मान खाली घातली होती. हॉलमधलं हसणं थांबलं तेव्हा वर पाहिलं. अठरा. एकोणीस. वीस. आवाज थांबला. पडदा काळा झाला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

आणि नदी आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, उठून पुढे आले. टेबलाभोवती कडं झालं. मी नाव हाकली, दोन ओंडके चुकवले, पहिला उतारू पलीकडे उतरवला. कोणीतरी म्हणालं, "पाणी कसं हलवलंय?" दुसरं म्हणालं, "सगळा पडदा?" एकजण थेट उघड्या यंत्रात डोकावून बघत होता, जणू नदी तिथेच कुठे सापडेल. मी तिसऱ्या वळणावर पोचले तेव्हा खारशीकर माझ्या खांद्यावरून पुढे झुकून म्हणाले, "डावीकडे भोवरा आहे, सांभाळा." मग त्यांच्या लक्षात आलं की परीक्षकानं असं बोलायचं नसतं आणि ते मागे सरले.

मी पाचवं वळण पार केलं. टाळ्या आता सुरू झाल्या आणि थांबेनात.

*

खारशीकरांनी माईक घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "झाकण सुरुवातीपासून उघडं आहे. आत जे आहे ते १९८६ सालचं आहे. पहिला क्रमांक म्याकलबाईंचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मला आणखी एक बोलायचंय." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "जी बाई हे करू शकते तिला गेल्या वर्षी काही लपवायची गरज नव्हती. कार्ड फक्त भरण्यापुरतं होतं असं त्या म्हणत होत्या, मी मानलं नाही. भर सभेत मी त्यांना अपमानित केलं. तेव्हा भर सभेतच त्यांची माफी—"

"थांबा," मी म्हणाले.

हेच वाक्य ऐकायला मी वर्ष काढलं होतं. पहिल्या रांगेत नाना बसले होते, छाती भरून आलेली, दोन्ही हात मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर. एक मिनिट गप्प बसले असते तर सगळं पुरं झालं असतं. मला ते जमलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की नदी वाहायला लागली होती आणि आता मला खोट्याची गरज उरली नव्हती.

मी माईक घेतला. "माफी मागू नका, सर. गेल्या वर्षी तुम्ही बरोबर होता. कार्ड फक्त भरण्यापुरतं नव्हतं. पाणी कार्डातून येत होतं. तयार केलेली चित्रं त्याच्यावरची नवी चिप एकामागून एक पडद्यावर ओतत होती. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते, पाणी जमत नव्हतं, आणि माझ्यासारखीला जमत नाही असं म्हणायची लाज वाटली. तुम्ही झाकण उघडलंत तेव्हाही मी खोटं बोलले. नंतर वर्षभर बोलले. माझ्या वडिलांशीसुद्धा. ते त्या खोट्यावर लोकांशी भांडले."

मी नानांकडे बघायचं टाळलं आणि खारशीकरांकडे बघत राहिले.

त्यांनी माईक माझ्या हातातून परत घेतला. "असं आहे तर," ते सावकाश म्हणाले, "गेल्या वर्षीचा निकाल कायम. बाद." मग जरा थांबले. "आणि या वर्षीचाही कायम. पहिला क्रमांक. दोन्ही निकाल बरोबर दिल्याबद्दल मी माझं अभिनंदन करतो."

हॉल फुटल्यासारखा हसला, आणि त्या हसण्यात गेल्या वर्षीचं हसणं नव्हतं. लोक हात मिळवायला आले. कोणीतरी माझी पाठ थोपटली. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं. गर्दीतून वाट काढत नाना आले. त्यांनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, सदरा नीट केला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"नाना," मी म्हणाले.

"घरी गेल्यावर बोलू." त्यांचा आवाज करडा होता. "चार माणसांच्या घरी जायचंय मला, तुझ्यापायी. तू बी यायचंस. आधी सरक."

"कुठे?"

"वर्षभर मी भांडलो आणि खेळ तू एकटीच खेळायलीस. मला बसू दे."

ते यंत्रासमोर बसले. त्यांना एकही बटण माहीत नव्हतं. नाव काठ सोडून निघाली, पहिल्याच ओंडक्याला धडकली आणि बुडाली. त्यांनी मला विचारून पुन्हा सुरू केलं, पुन्हा बुडाले. मागे रांग लागत होती आणि रांगेत पहिला नंबर खारशीकरांचा होता. नाना अकरा वेळा बुडाले. बाराव्या वेळी त्यांनी एका माणसाला पलीकडे उतरवलं, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा खरा उतरला."